मुलींना म्हणे नुसतं उभं राहायचंय

आज संध्याकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. इथे लिहून मोकळी होते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

भाचीची मुलगी चौथीत आहे. शाळेत १९ डिसेंबरचा, गोवा मुक्तिदिनाचा कार्यक्रम आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेशभूषेची यादी आली आणि भाचीने ती मला पाठवली, कारण साडी, दागिना, जुनं धोतर असं काही लागलं की सगळे माझ्याच कपाटाकडे येतात. यादीत मुलग्यांनी कोण कोण व्हायचं ते नावानिशी दिलंय. डॉ. राममनोहर लोहिया, डॉ. जुलियांव मिनेझिस, त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, भाऊसाहेब बांदोडकर, शिवाय सैनिक आणि पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज शिपाई. मुलींच्या बाजूला भारतमाता, गोमंतमाता, कुणबी नाच आणि पाहुण्यांना ओवाळायला पाच जणी. संपली यादी.

आमच्या पोरीच्या वाट्याला गोमंतमाता आली. खुशीत होती बिचारी, मुकुट मिळणार म्हणून. मग मला म्हणते, "आजी, मला वाक्य नाहीये. बाईंनी सांगितलंय, नुसतं उभं राहायचं, हलायचं नाही."

पाखल्याला वाक्य आहे बरं का. "गोवा आमचा आहे" म्हणून ओरडायचंय त्याला. ज्यांना हाकललं त्यांना वाक्य आहे आणि गोमंतमातेला नाही!

भाची म्हणाली, "मावशी, लहान मुलांचा कार्यक्रम आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस." का लावून घेऊ नये? नऊ वर्षांच्या मुलीला आज जे सांगाल तेच ती पुढची साठ वर्षं खरं मानणार आहे. गोवा पुरुषांनी सोडवला, गोवा पुरुषांनी चालवला आणि बायका मुकुट घालून मागे उभ्या होत्या.

माझी मोठी आत्या, आम्ही तिला आक्का म्हणायचो, सत्तरी तालुक्यात दिली होती, चोर्ल्याच्या घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गावात. १९५५ साल. आक्काला विसावंही लागलं नव्हतं. तिचे यजमान, आमचे बापू, बेळगावात होते, तिथून इकडे पत्रकं पाठवायचं काम करायचे. पत्रकं यायची ती आक्काच्या घरी. रात्री कोणीतरी डोंगर उतरून यायचं, गठ्ठा टाकायचं, पेज पिऊन जायचं. दोन-तीन दिवसांनी दुसरं कोणीतरी येऊन तो पुढे वाळपईकडे न्यायचं.

एकदा गठ्ठा घरात असताना सकाळीच एक पाखलो आणि दोन आपलेच शिपाई दारात आले. कापणी होऊन गेली होती, आक्काने पहाटे भात उकडून अंगणात मांदऱ्यांवर, म्हणजे चटयांवर, वाळत घातलं होतं. कुत्री भुंकायला लागली तशी तिने कागद सुटे करून मांदरीखाली सपाट पसरले आणि वर भात सारखं केलं. शिपाई घरात शिरले तेव्हा ही भातात उभी राहून पायाने भात परतत होती. रोज परतते तशीच. त्यांनी कणग्या उपसल्या, न्हाणीतलं भाण उलटं केलं, माडीवरची पेटी फोडली. जाताना तो पाखलो बूट घालून थेट भातावरून निघाला तशी ही ओरडली, "भात तुडवू नकोस, लक्ष्मी आहे ती!" शिपायाने त्याला सांगितलं काय ते, आणि तो बाजूला झाला. त्याच्या बुटापासून कागद वीतभर लांब होते.

हे मी आक्काच्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी तिला शिपायांपेक्षा त्या दिवशी भात नीट वाळलं नाही याचंच जास्त वाईट वाटायचं.

आता मला सांगा, नऊ वर्षांच्या मुलीला हे करून दाखवता येणार नाही? एक मांदरी, थोडं भात, चार कागद. मुकुटाहून स्वस्त.

आणि माझी आक्का जाऊ द्या, तिचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. ज्यांची नावं आहेत त्यांचं काय? १८ जून १९४६ ची मडगावची सभा सगळ्यांना पाठ आहे. लोहियांना पकडलं हेही. पुढे त्याच मडगावात वत्सला कीर्तनी पकडल्या गेल्या तेव्हा बायका पोलीस चौकीवर चालून गेल्या, आम्हालाही आत घाला म्हणाल्या. त्या बायका यादीत का नाहीत? घोळक्याने बायका लागतायत ना तुम्हाला, कुणबी नाचाला? मग हा घोळका घ्या.

सुधाताई जोशी घ्या. ६ एप्रिल १९५५, म्हापसा. नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून ही बाई भर शहरात उभी राहून भाषण वाचायला लागते. पोलीस येणार हे तिला ठाऊक, म्हणजे अटक व्हायलाच गेलेली ती. धरून नेलं, खटला चालवला, तुरुंगात टाकलं. महादेवशास्त्री जोशींचं नाव आपण सगळे आदराने घेतो, घ्यायलाच हवं, आंबेड्याच्या माणसाने भारतीय संस्कृतिकोश उभा केला म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण सुधाताईंचा उल्लेख आला की आजही "महादेवशास्त्रींच्या पत्नी" इथून सुरू होतो. अध्यक्ष ती होती हो! त्या दिवशी तुरुंगात ती गेली!

मित्रा बीर. बावीस वर्षांची मुलगी, बारा वर्षांची शिक्षा. सुटून आल्यावर तिने काय केलं? मडगाव, वेरे, काकोडा इथे मुलींसाठी शाळा काढल्या. गोव्यातल्या मुलींनी शिकावं म्हणून जिने हे केलं तिचं नाव गोव्यातल्या मुलींच्या वेशभूषेत नसावं?

प्रेमा पुरव. गोव्यात जन्मलेली, कोवळ्या वयात चळवळीत पडलेली, पायात गोळी लागलेली. मुंबईला गेली आणि १९७५ मध्ये गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या कचाट्यातून सोडवून त्यांना बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. मुंबईतल्या मराठी माणसांना ती माहीत आहे. आपल्याकडे विचारून बघा.

१५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळीबार केला, त्यात मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय तिरंगा हातात धरून पुढे होत्या, त्यांना गोळी लागली. सागर कुठे आणि गोवा कुठे! आपल्यासाठी आली ती बाई.

आणि लिबियाबाय. लिबिया लोबो सरदेसाई. त्या आज शंभरी ओलांडून आपल्यात आहेत. २५ नोव्हेंबर १९५५ पासून थेट १९६१ पर्यंत, आधी आंबोलीच्या रानात आणि मग कॅसलरॉकला, वामन सरदेसाई आणि त्या दोघांनी गुप्त रेडिओ चालवला. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. त्या पावसात, जळवांत, जंगली जनावरांच्या सोबतीने सहा पावसाळे. घरदार, मुंबईतली नोकरी, माणसांत वावरणं, सगळं सोडून. कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून रोज बातम्या. पोर्तुगालच्या सालाझारचं सरकार ज्या बातम्या दाबत होतं त्या इकडच्या घरांत हळू आवाजात ऐकल्या जायच्या. आणि गोवा सुटला तेव्हा विमानात बसून, भोंग्यावरून, आकाशातून त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्ही मोकळे झालात.

या बाईचं तर सगळं कामच बोलण्याचं. आणि आमच्या शाळेत मुलीला वाक्य नाही.

२०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मिळाली, मान्य. शंभर वर्षं पुरी झाल्यावर मिळाली हेही मान्य करा मग.

कोणीतरी खाली येऊन लिहिणारच, "ताई, तुम्ही मराठीवाल्या, आणि कोंकणी रेडिओचं कौतुक?" हो. करणार. भाषेचा वाद तुमच्याशी दुसऱ्या दिवशी घालीन, मागे हटणार नाही, पण या बाबतीत मला मराठी-कोंकणी, हिंदू-क्रिस्तांव काही ऐकायचं नाही.

बापूंना पुढे ताम्रपट मिळाला. काही महिने तुरुंगात होते, त्याचा कागद होता. बापूंचा मान मी कमी करत नाही, देवमाणूस होता. पण त्या वेळी चौकशीला आलेल्या माणसाने आक्काला विचारलं होतं, "तुम्ही तुरुंगात होता का? काही कागद आहे का?" कागद! जिने कागद लपवले तिच्याकडे कागद मागत होते. पकडली गेली नाही हा तिचा पराक्रम होता, आणि नेमक्या त्याच कारणाने तिची कुठे नोंद नाही. आक्का त्या माणसाला चहा देऊन आत गेली. ताम्रपट भिंतीवर लागला, पुढे दर दिवाळीला तो चिंच लावून लखलखीत करायची तीच.

हे लिहिताना हात थरथरतायत, खोटं नाही सांगत.

शशिकलाताई काकोडकरांचं घ्या. गोव्याला एकच बाई मुख्यमंत्री झाली, आजपर्यंत एकच. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ताईंचे वडील, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि ताईंनी सूत्रं घेतली, ती १९७९ पर्यंत. लगेच म्हणतील, वडिलांच्या पुण्याईवर आल्या. आल्या, बरं. पण त्याआधी त्या निवडून आलेल्या आमदार होत्या, मंत्रिमंडळात होत्या. आणि बापाच्या पुण्याईवर पहिला दिवस जातो, सहा वर्षं नाही जात. मुंडकार कायदा १९७५ चा, ताईंच्या कारकिर्दीतला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला उद्या उठ म्हणून सांगता येणार नाही, हे कायद्याने झालं तेव्हा गोव्यातल्या किती चुली जागेवर राहिल्या विचारा आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना. भाटकार मंडळी तेव्हा काय काय बोलली तेही विचारा. पुढे १९९० मध्ये शिक्षणमंत्री म्हणून प्राथमिक शिक्षण आपल्या भाषेतच, नाहीतर अनुदान नाही, हा निर्णय घ्यायची हिंमतही ताईंचीच. पटो न पटो, कणा होता.

ताईंचे निर्णय सगळेच बरोबर होते असं नाही. कोणाचे असतात?

आज चाळीस आमदारांच्या विधानसभेत २०२२ ला निवडून आल्या तीन बायका. तीन. ताईंनी शपथ घेतली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली की.

मी आयुष्यभर पणजीत नोकरी केली. अठरा जून रस्ता, आत्माराम बोरकर मार्ग, डॉ. दादा वैद्य मार्ग, बांदोडकर मार्ग. चप्पल झिजली या रस्त्यांवर. मोठी माणसं होती सगळी, त्यांची नावं काढा असं मी म्हणत नाही. पण मी ज्या रस्त्यांवरून चालले त्यातल्या एकालाही बाईचं नाव नव्हतं. मोपाच्या विमानतळाला मनोहरबाबा पर्रीकरांचं नाव दिलं, चांगलं केलं. कला अकादमीच्या मोठ्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथांचं नाव आहे, शोभतंच. पण दीनानाथांच्या आई येसूबाई, मंगेशीच्या देवळात सेवेला असलेल्या, त्यांच्याबद्दल आपण किती बोलतो? गळा आला कुठून?

इथे आपलं सगळ्यांचंच तोंड बंद होतं. कारण गोव्याचं गाणं ज्या बायकांनी जगात नेलं त्या कलावंत घरांतल्या, म्हणजे देवळाच्या सेवेला वाहिलेल्या घरांतल्या. देवळाच्या चौकात गायच्या, त्यांचं गाणं ऐकायला गाव जमायचा, आणि घरात मात्र त्यांना पाट मिळत नसे. हे आपल्या आज्या-पणज्यांच्या काळचं आहे, फार लांबचं नाही.

केरीच्या केसरबाई. फोंडा तालुक्यातलं केरी, माझ्या घरापासून जवळच. १८९२ चा जन्म. अल्लादियाखाँसाहेबांकडे किती घासून घेतलं स्वतःला त्या बाईने! कलकत्त्याने "सुरश्री" म्हटलं, सरकारने पद्मभूषण दिलं. माइक नको म्हणायच्या, रेकॉर्डिंगला सहजी हो म्हणत नसत, मनासारखं जमेना तेव्हा जाहीर गाणं थांबवलं. एवढा करारीपणा पुरुष गवयात असता तर आपण त्याचे किस्से सांगत बसलो असतो. केसरबाईंना मात्र "तापट" म्हणून मोकळे. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यान सोडलं त्यातल्या सोन्याच्या तबकडीवर साऱ्या हिंदुस्थानातून एकच गाणं गेलं, ते केसरबाईंची भैरवी, "जात कहाँ हो". ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. ते यान आज सगळ्या ग्रहांच्या पार पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे, आणि आमच्या केरीचा आवाज त्याच्यात आहे.

रात्री कधी झोप आली नाही की मी ती साडेतीन मिनिटं लावते. आत्ताही लावलीय. जरा बरं वाटतंय.

केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह होतो, केरीत शाळेला त्यांचं नाव आहे, हे मला माहीत आहे, सांगायला येऊ नका. चांगलंच आहे ते. पण शाळेतल्या मुलीला तंबोरा देऊन स्टेजवर बसवा ना एकदा, "मी केसरबाई, माझं गाणं ताऱ्यांकडे निघालंय" असं म्हणू द्या. कुठली मुलगी नको म्हणेल?

कुर्डीच्या मोगूबाईंचं तर गावच पाण्याखाली गेलं. साळावलीचं धरण झालं, सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळालं आणि कुर्डी बुडाली. मे महिन्यात पाणी ओसरलं की जोती वर दिसतात, सोमेश्वराच्या देवळापाशी जुने गावकरी जमतात. मी एकदा गेले होते. भेगाळलेली जमीन, तुळशीवृंदावनांचे चौथरे, आणि एक म्हातारी आपलं न्हाणीघर कुठे होतं ते नातवाला काठीने आखून दाखवत होती. तिथे फोटो काढणाऱ्या पोरांना विचारलं, हे कोणाचं गाव ठाऊक आहे का? एकालाही सांगता आलं नाही. मोगूबाई कुर्डीकर, पद्मभूषण, किशोरीताई आमोणकरांची आई आणि गुरू. आडनावात गाव घेऊन फिरली ती जन्मभर, ते गाव आपण बुडवलं. पाणी लागतं, धरण हवं होतं, ठीक. तिथल्या एका दगडावर तिचं नाव कोरायला काय लागलं असतं?

देवी मात्र आपल्याला ढीगभर चालतात. गावागावात सातेरी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, शिरगावची लईराई. सातेरीच्या वारुळापुढे आपण नाक घासतो. मीही घासते, मनापासून. पण देवी झाली की तिला काही विचारावं लागत नाही. हाडामांसाची बाई असेल तर तिचं काम सांगावं लागतं, साल सांगावं लागतं, तिला काय सोसावं लागलं आणि कोणामुळे, तेही सांगावं लागतं. म्हणून तर गोमंतमाता सोपी पडते.

बापूंचा गावात सत्कार झाला तेव्हा मी होते. शाल, श्रीफळ, मानपत्र. वक्ते म्हणाले, "बापूंच्या पाठीशी त्यांच्या सुविद्य पत्नी खंबीरपणे उभ्या राहिल्या," आणि आक्काची खणानारळाने ओटी भरली. टाळ्या झाल्या. घरी येताना गाडीत आक्का बराच वेळ गप्प होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाठीशी कशी गे? ते तर बेळगावात होते. दारात मीच होते." बापू शेजारीच होते. म्हणाले, "खरं आहे तिचं." एवढंच. पण मानपत्रात ते कोणी लिहिलं नाही.

शाळेतल्या बाईंवर माझा तसा राग नाही. त्यांच्या हातात पगार थोडा आणि मुलं फार, रात्री जागून असली कामं करतात. त्यांनाही त्यांच्या शाळेत हीच यादी मिळाली असणार. मी त्यांना सकाळी फोन करणार आहे, भांडायला नव्हे. मुलींसाठी आठ-दहा वाक्यं मी लिहून देते, सुधाताईंचं भाषण, लिबियाबायची बातमी, मित्राताईंचा शाळेचा पहिला दिवस. नऊवारी, खादीची पातळं, तंबोरा, जुना रेडिओ, सगळं देते. मांदरी माझ्याकडे आहे. मुलग्यांपैकी कोणी भात तुडवायला आला तरी चालेल, त्याला बूट त्याने आणावेत.

आणि तुम्हा सगळ्यांकडे एक मागणं. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण, सीमेला लागून ज्यांची गावं आहेत त्यांच्या घरात असं काहीतरी नक्की घडलेलं असणार. कोणी पत्रकं लपवली, कोणी रात्री बारा जणांची पेज शिजवली, कोणी नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला नाही म्हणून मार खाल्ला. त्यातल्या कोणी हयात असतील तर आत्ता, याच आठवड्यात, त्यांच्याजवळ बसा. मोबाइलवर आवाज घ्या. नाव लिहा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. गाव, वाडा, कोण कोण यायचं, काय लपवलं, कुठे लपवलं. "आजीने खूप सोसलं" एवढं लिहून पाठवू नका, त्याचा उपयोग नाही. लिहून घ्यायला माणूस नसेल तर मला इनबॉक्स करा. रविवारी मी मोकळी असते, वही घेऊन येते. दुपारी जेवणाची खटपट करू नका.